जिताड्याचं कातडं, बाभळीची साल

वाचकांचे प्रश्न

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर येथून एक भगिनी लिहितात:

"काका, आम्ही आठ जणी मिळून बचत गट चालवतो. सकाळी बाजारात बसतो आणि दुपारी नेरूळ-बेलापूरच्या हॉटेलांना मासा सोलून, काटे काढून देतो. जास्त करून रावस आणि जिताडा, कधीमधी घोळ. सोललेलं कातडं बादलीभर निघतं आणि कचऱ्यात जातं. मुलीनं मोबाइलवर दाखवलं की लहान लहान बेटांवरचे लोक माशाच्या कातड्याचं चामडं करतात, त्याच्या पर्सा विकतात. माझी नणंद घारापुरीला मोराबंदरात दिलेली आहे. तिच्याकडे जागा आहे, लेणी बघायला येणारं गिऱ्हाईक आहे. आम्हाला हे जमेल का? वास जातो का? भांडवल किती लागेल? आणि एक मनातलं लिहिते. सासूबाई म्हणतात, चामड्याचं काम आपल्यात कोणी केलेलं नाही, लोक काय म्हणतील. त्यांना काय सांगू?"

उत्तर:

ताई, जमेल. पण तुमच्या पत्रातल्या 'बादलीभर' या शब्दापाशी मी थांबलो. ती बादली मला मोजून हवी. पंधरा दिवस एक वही ठेवा आणि रोज लिहा: कुठल्या माशाची किती कातडी निघाली, लांबी किती, रुंदी किती, सुरीनं भोकं पडलेली किती. भांडवलाचा, जागेचा, विक्रीचा सगळा हिशेब त्या वहीतून निघणार आहे.

हे आधी सांगतो, कारण आपल्याकडे मासा कातड्यासकट शिजतो. सुरमईची तुकडी असो की अख्खं पापलेट, कातडं कालवणात जातं आणि तिथंच ते शोभतं. कोळीवाड्याच्या कचऱ्यात डोकी, कल्ले, आतडी, खवले पुष्कळ, पण कातडं थोडं. जिथं मासा सोलून नुसतं मांस विकलं जातं तिथंच कातड्याचा ढीग पडतो. आइसलँडला कॉड माशाचे सोललेले तुकडे परदेशी जातात, म्हणून तिथं कातडं उरतं. तुमच्याकडे ते हॉटेलांमुळे उरायला लागलंय. म्हणजे तुमचा कच्चा माल हॉटेलांच्या मागणीवर आहे, आणि १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत तो आटणार. हे धरूनच पुढचं वाचा.

मी स्वतः मोजलेला आकडा देतो. तीन किलोच्या जिताड्याच्या दोन्ही बाजूंचं कातडं, कडा कापून टाकल्यावर, साधारण एक चौरस फूट भरतं. बायकांच्या मध्यम पर्सेला अस्तर सोडून दोन ते तीन चौरस फूट लागतात. म्हणजे एका पर्सेला दोन-तीन जिताडे, तेही भोक न पडलेले. घड्याळाचा पट्टा मात्र एकाच बाजूच्या कातड्यात दोन-तीन निघतात.

जिताडा म्हटलं की माझं मन भरून येतं, म्हणून त्याच्याविषयी जरा जास्त लिहितो. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवर आहे. त्यात १९५०च्या दशकात नाईल पर्च नावाचा मोठा मासा बाहेरून आणून सोडला. त्यानं तिथले स्थानिक छोटे मासे फस्त केले, हे दुःख वेगळं, पण पुढं काठावर त्याचं मांस सोलून परदेशी पाठवणारे कारखाने निघाले आणि कातड्यांचे ढीग लागले. केनियात किसुमूच्या आसपास त्या कातड्याचं चामडं करणारे कारागीर तयार झाले. हा नाईल पर्च आणि आपला जिताडा एकाच कुळातले सख्खे भाऊ आहेत. शास्त्रज्ञ दोघांनाही 'लेटीस' याच गटात घालतात. तेच जाड कातडं, तसेच मोठे खवले. खवला निघाला की त्याच्या जागी एक छोटा खिसा राहतो, आणि चामडं तयार झाल्यावर त्या खिशांची ओळीनं नक्षी उमटते. ही नक्षी गाईम्हशीच्या चामड्यावर ठसा मारूनही तशी येत नाही. रायगड-ठाण्याच्या खाड्यांमधला हा मासा पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. त्याचं कातडं कचऱ्याच्या गाडीत जातं हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

रावसाचं कातडं पातळ पण चिवट. छोट्या वस्तूंना चालेल. घोळीचं जाड आणि चांगलं, पण घोळ तुमच्या हाती कितीदा येणार? तिच्या भोताच्या, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीच्या, भावापुढं कातड्याकडं कोणी बघत नाही. वामीचं कातडं लांब पट्टीसारखं निघतं, एकदा जरूर करून बघा. मुशी (शार्क) आणि पाकट मात्र बाजूला ठेवा. पाकटाच्या खडबडीत कातड्याला जगात शतकानुशतकं मागणी आहे, जपानी तलवारींच्या मुठीला ते लावत, हे खरं. पण मुशी-पाकटांच्या कितीतरी जाती आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. व्हेल शार्क २००१ सालीच आला, २०२२च्या दुरुस्तीत आणखी जाती आल्या. कातडं सोलल्यावर जात ओळखणं अवघड, आणि कायद्याचा बडगा विकणाऱ्यावरच येतो. तुमच्या गटाला तो धोका नको.

आता कातडं म्हणजे काय ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचना का दिल्यात ते कळेल. माशाच्या कातड्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू थरावर थर असतात. एका थराचे तंतू एका दिशेनं तिरपे, वरच्या थराचे उलट दिशेनं तिरपे, बाजेच्या विणीसारखे. म्हणून इतकं पातळ असूनही ते सहज फाटत नाही. पण याच कोलॅजनची एक दुबळी बाजू आहे: उष्णता. गाईचं ओलं कातडं साठ-पासष्ट अंशांपर्यंत टिकतं. थंड समुद्रातल्या कॉडचं चाळीसच्या आसपास आकसून जातं. आपले मासे कोमट पाण्यातले, त्यांचं कातडं कॉडपेक्षा जास्त सोसतं, पण जनावराएवढं नाही. त्यात जंतू शिरले, चुन्यासारखी अल्कली द्रव्यं जास्त झाली की ते आणखी लवकर ढासळतं.

मला हा धडा कळव्यात मिळाला. माझं आयुष्य टॅनरीत, म्हणजे कातडं कमावून चामडं करायच्या कारखान्यात, गेलं. वडील धारावीत कातड्याच्या हौदावर होते, मी रसायनशास्त्र शिकून त्याच धंद्यात तीस वर्षं काढली, पण सगळी जनावराच्या कातड्यात. निवृत्तीनंतर चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मित्राकडून रावसाची चाळीस कातडी आणली आणि म्हशीच्या कातड्याला घालतात तशी चुन्याच्या पाण्यात घालून ठेवली. मे महिना, गच्चीवरच्या टाकीचं पाणी. सकाळी बादलीत हात घातला तर कातडी बोटांतून निसटत होती, काही चक्क खळीसारखी चिकट झाली होती. कोलॅजन विरघळून सरस झाला होता. चाळीस माशांचं कातडं मी वाया घालवलं. त्या दिवसापासून माझा नियम असा की माशाचं कातडं सालीचा काढा लागेपर्यंत खाण्याच्या मांसासारखंच सांभाळायचं: बर्फ, सावली आणि घाई.

इथं तुमच्यासारख्यांचा मोठा फायदा आहे. कारखान्यातून येणारं कातडं पडून राहिलेलं असतं. तुमच्या हातात ते सोलल्याच्या मिनिटाला असतं. लहान बेटांवर ही कला टिकली त्यामागंही हेच आहे: मासा, सुरी आणि कारागीर एकाच आवारात. होक्काइदो आणि साखालीन बेटांवरचे आइनू लोक सामन (सॅल्मन) माशाच्या कातड्याचे बूट करत, घसरू नये म्हणून पराचा भाग तळव्याकडं ठेवत. अलास्काजवळच्या कोडियाक बेटावर त्याच माशाच्या कातड्याचे कपडे शिवत. आइसलँडमध्ये वुल्फफिशच्या कातड्याचे जोडे घालत. ते लवकर झिजत, म्हणून डोंगरवाट किती लांब हे सांगताना 'इतक्या जोड्यांची वाट' असं म्हणत. त्याच आइसलँडच्या उत्तरेला सॉयदाउरक्रोकुर नावाच्या छोट्या बंदरगावातल्या टॅनरीनं १९९०च्या दशकात माशाचं कातडं कमावायला सुरुवात केली आणि ते चामडं युरोपातल्या नामांकित फॅशनवाल्यांपर्यंत गेलं. गाव अडीच-तीन हजार वस्तीचं. तुमच्या दिवाळ्याच्या तोलामोलाचं.

आता कृती. कातडं सोलताना मांस राहिलं तर राहू द्या, पण भोक पाडू नका. आठ जणींपैकी ज्या दोघींचा हात सुरीवर सर्वांत हलका, त्यांनीच सोलावं. लगेच बर्फाच्या पाण्यात धुवा. त्या दिवशी काम करायचं नसेल तर डीप फ्रीझरमध्ये सपाट थर लावून ठेवा, किंवा कातड्याच्या निम्म्या वजनाइतकं खडे मीठ दोन्ही बाजूंनी चोळून, उतारावर रचून, सुटणारं पाणी वाहू द्या.

मग खरवडणं. सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. कातडं गुळगुळीत फळीवर पसरा आणि मांसाची बाजू बोथट सुरीनं किंवा शिंपलीच्या कडेनं खरवडा, अगदी पांढरी पापडी दिसेपर्यंत. उलट बाजूनं खवले काढा. मग भांड्याच्या साबणाच्या थंड पाण्यात दोन-तीनदा चोळून धुवा. साबण कशासाठी? तुम्ही विचारलेल्या वासासाठी. मासळीचा वास दोन ठिकाणांहून येतो. एक, मांसाचे कण सडताना जो वायू सुटतो त्याचा. तो आंबटानं दबतो, म्हणून आपण माशाला लिंबू-कोकम लावतो. इथं शेवटच्या पाण्यात झाकणभर व्हिनेगर घाला. दुसरा, कातड्यातल्या तेलाचा. ते तेल हवेनं खवट होतं आणि महिन्याभरानं पर्सेतून वास मारतं. मांस आणि तेल नीट निघालं तर तयार चामड्याला फक्त सालीचा वास येतो. नाही निघालं तर कुठलंही अत्तर ते झाकत नाही. चुना नवशिक्याला मी सांगत नाही, त्याचं कारण वर आलंच आहे.

आता साल. बाभळीची वाळलेली साल आणि हिरडा, दोन्ही ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात काष्ठौषधीवाल्याकडं मिळतात. कोल्हापुरी चपलेचं कातडंही याच दोन वस्तूंनी कमावतात. किलोभर साल कुटून दहा लिटर पाण्यात उकळा, गाळा, पूर्ण गार करा. गरम काढ्यात कातडं कधीही घालू नका. पहिल्या दिवशी काढा एक भाग आणि पाणी चार भाग, चहासारखा फिकट. कातडी त्यात सुटी सुटी पोहली पाहिजेत, दिवसातून चार-पाच वेळा हातानं हलवा. रोज थोडा थोडा दाट काढा वाढवत जा. घाई करून पहिल्याच दिवशी दाट काढ्यात घातलं तर वरचा थर आवळून बसतो आणि आत साल शिरतच नाही, कातडं वरून तपकिरी आणि पोटात कच्चं राहतं. आठव्या-दहाव्या दिवशी एका जाड कातड्याची कड कापून बघा. मधोमध पांढरी रेघ दिसली तर अजून राहिलंय. आरपार एकच रंग दिसला की झालं.

लोखंड मात्र जवळ येऊ देऊ नका. घमेलं नको, गंजकी सुरी नको, खिळा मारलेली फळी नको. साल आणि लोखंड भेटले की काळीनिळी शाई होते. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून शाई करत ती अशीच. प्लास्टिकच्या बादल्या आणि स्टीलची पातेली घ्या.

काढ्यातून काढल्यावर धुऊन, पाणी निथळून, एका अंड्याच्या बलकात दोन चमचे एरंडेल आणि कपभर कोमट पाणी फेटून ते दोन्ही बाजूंनी चोळा. एक रात्र तसंच गुंडाळून ठेवा. मग सावलीत, वाऱ्यावर वाळवा. अर्धवट वाळलं की ताणलेल्या जाड दोरीवर मागं-पुढं घासा, परत वाळवा, परत घासा. हे घासणं चुकवलं तर कातडं सुक्या बोंबलासारखं ताठ होतं. डिसेंबर-जानेवारी सुरुवातीला उत्तम. पावसाळ्यात वाळत नाही आणि बुरशी धरते, तेव्हा फक्त शिवणकाम करा.

आता सासूबाईंचं. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि एक विचारा: तुमच्या सासऱ्यांच्या वेळी जाळी कशाची होती, आणि ती कशात बुडवत? नायलॉन येण्याआधी जाळी सुताची, तागाची असत. खाऱ्या पाण्यात ती कुजू नयेत म्हणून ऐनाची, बाभळीची साल उकळून त्या लाल काढ्यात जाळी बुडवत आणि किनाऱ्यावर वाळत घालत. चेंदणीतल्या एका ऐंशी पार केलेल्या आजोबांनी मला त्या भट्टीचा वास कसा यायचा ते सांगितलं, आणि मी त्यांना म्हटलं, आजोबा, माझ्या वडिलांच्या अंगाला रोज हाच वास यायचा. सालीतलं जे द्रव्य सुताला कुजू देत नाही, तेच कातड्याला कुजू देत नाही. तुमचे आजे-पणजे जाळं कमावत होते, माझे कातडं कमावत होते. हौद वेगळे, साल एक.

मी ढोर-कक्कय्या समाजातला. या कामामुळं माझ्या आजीला विहिरीवर पाणी दुरून वाढलेलं मी तिच्याच तोंडून ऐकलंय. म्हणून 'लोक काय म्हणतील' हे वाक्य मी हलक्यानं घेत नाही. सासूबाईंची भीती कुठून आली हे मला माहीत आहे. पण हे हातांचं आणि डोक्याचं काम आहे, ज्यांनी केलं त्यांनी पिढ्यान्पिढ्या देशाच्या पायात चप्पल घातली. सासूबाईंना पहिलं तयार कातडं हातात द्या आणि जिताडा ओळखायला सांगा. त्या खवल्यांच्या ओळीवरून लगेच ओळखतील.

घारापुरीविषयी. नणंदेकडं शिवणकाम आणि विक्री न्या, साल लावणं नको. बेटावर गोडं पाणी मोजून वापरावं लागतं, आणि या कामाला धुण्याचं पाणी फार लागतं. शिवाय काढा समुद्रात ओतला तर त्याचा लाल-काळा रंग आणि त्यातली सडणारी द्रव्यं पाण्यातला प्राणवायू खातात. ज्या पाण्यातून जिताडा येतो तेच पाणी तुम्ही खराब कराल. टॅनरी हा प्रदूषणाच्या वर्गवारीत लाल गटातला उद्योग आहे. घरगुती प्रयोग चार बादल्यांचा असतो तोवर ठीक, पण रोजचा धंदा करायचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि सांडपाण्याची सोय या दोन गोष्टी आधी करा. क्रोमचं मीठ वापरून दोन दिवसांत चामडं करून देतो असं कोणी सांगितलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

काढा कमी वाया घालवायची जुनी रीत सांगतो, आमच्या हौदावर हीच होती. शेवटच्या दाट काढ्यातून कातडी निघाली की तो काढा फेकायचा नाही. पुढच्या खेपेला तोच फिका करून पहिल्या दिवशी वापरायचा. नवी साल नेहमी शेवटच्या बादलीत, जुना काढा नेहमी पहिल्या बादलीत. असा तो उलटा फिरत राहतो. साल वाचते, पाणी वाचतं, आणि शेवटी ओतायला उरतं ते अगदी फिकं पाणी. उकळलेली साल वाळवून चुलीत जाते.

बेटावर एक गोष्ट मात्र आता सोपी झाली आहे. फेब्रुवारी २०१८मध्ये समुद्राखालच्या केबलनं घारापुरीला कायमची वीज आली. त्यामुळं मोराबंदरात डीप फ्रीझर चालू शकतो. तिथल्या होड्यांना जिताडा मिळाला आणि गिऱ्हाइकासाठी सोलला, तर कातडं गोठवून आठवड्यातून एकदा दिवाळ्याला येऊ दे.

भांडवल. फ्रीझर सोडला तर बादल्या, पातेली, साल, मीठ, हातमोजे, फळ्या मिळून पाच हजारांच्या आत सुरुवात होते. खरा खर्च वेळेचा. खरवडण्यापासून दोरीवर घासण्यापर्यंत एका कातड्यामागं माझे जवळजवळ दोन तास जातात. तुमचा हात बसल्यावर सव्वा तास धरा. हा सव्वा तास किमतीत धरल्याशिवाय वस्तू विकू नका, नाहीतर बाजारात बसून जे मिळतं तेवढंही सुटणार नाही. म्हणूनच पर्सेच्या मागं लागू नका. कानातली, किल्लीचा पट्टा, घड्याळाचा पट्टा, चष्म्याचं घर, वहीची पाठ. कॅरिबियन समुद्राच्या काठावर बेलीझमधल्या बायका लायनफिशच्या परांचे आणि काट्यांचे दागिने करतात, छोट्या वस्तू, ज्यांत तुकडाही वाया जात नाही. तुमच्या भोक पडलेल्या कातड्यांचीही सोय त्यातच आहे.

एक कडू अनुभव सांगून ठेवतो. तीन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मोठ्या दुकानानं माझ्याकडून बारा कातडी नमुना म्हणून नेली, फोटो काढले, आणि पुढं ना पैसे आले ना कातडी. नमुन्याचे पैसे आधी घ्या. आणि प्रत्येक वस्तूवर माशाचं नाव आणि बंदराचं नाव लिहा: 'जिताडा, दिवाळे'. गिऱ्हाईक ते वाचून थांबतं, हे मी ठाण्यातल्या प्रदर्शनात डोळ्यांनी बघितलंय.

शंका आली तर चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. १९४८ साली स्थापन झालेली, कातड्याच्या बाबतीत देशातली सर्वांत जाणती जागा. आणि तुमच्या अगदी जवळ वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. गटाच्या नावानं पत्र लिहा. तुमची पंधरा दिवसांची वही सोबत जोडली तर तुमच्या पत्राला वजन येईल. वही भरली की मलाही कळवा. एका रविवारी मी कळव्याहून सालीची पोती घेऊन दिवाळ्याला येईन, पहिला काढा आपण मिळून उकळू.

ऐरोलीचा एक विद्यार्थी विचारतो:

"सर, इंटरनेटवर स्पिरिट आणि ग्लिसरीन समप्रमाणात घेऊन त्यात माशाचं कातडं तीन दिवस ठेवलं की चामडं तयार होतं असं दाखवतात. मी करून बघितलं, छान मऊ झालं. मग दहा दिवस साल कशाला?"

उत्तर:

बाळा, करून बघितलंस हे फार चांगलं केलंस. पण तू जे केलंस ते कमावणं नव्हे. स्पिरिटनं कातड्यातलं पाणी बाहेर काढलं आणि ग्लिसरीन त्या जागी जाऊन बसलं. ग्लिसरीन हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणून कातडं मऊ लागतं. कोलॅजनच्या तंतूंमध्ये मात्र काहीच बदललं नाही. सालीतलं द्रव्य त्या तंतूंना जाऊन चिकटतं, त्यांना एकमेकांशी बांधतं, आणि मग जंतूंना ते खाता येत नाही. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पाण्यात दिसतो.

दोन वाट्या घे. एकीत तुझ्या ग्लिसरीनच्या कातड्याचा नखाएवढा तुकडा टाक, दुसरीत सालीत कमावलेल्या चामड्याचा, कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्याचा असला तरी चालेल. साधं पाणी घाल, झाकून ठेव, रोज एकदा उघडून बघ. तुझा तुकडा आधी फुगेल, बुळबुळीत होईल, आणि तीन-चार दिवसांत वाटीचं झाकण उघडवणार नाही. दुसरा तुकडा पाण्याला थोडा तपकिरी रंग देईल, आणि वाळवल्यावर पुन्हा चामडंच असेल.